शाळेच्या आवारातील संगणक-जाळे : काय घ्यावे, काय टाळावे

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मी बी. ए., बी. एड. झालेला शिक्षक आहे, अभियंता नाही. तरीही आज मी तांब्याच्या तारेविषयी बोलणार आहे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु शाळेत संगणक-जाळे घालायचे ठरले की दरपत्रके शेवटी शिक्षक-पालकांच्या समितीपुढेच येतात. सही आपली असते आणि पैसा देणगीदारांचा. कोणी पगारातून, कोणी दुकानाच्या गल्ल्यातून काढून दिलेला. तो आपल्याजवळ अमानत आहे. म्हणून आपण काय विकत घेत आहोत, हे सही करणाऱ्याला समजलेच पाहिजे.

प्रथम ही केबल म्हणजे काय ते पाहू. तिच्या वेष्टनात आठ बारीक तारा असतात. त्यांच्या निळी, नारिंगी, हिरवी व तपकिरी अशा चार जोड्या, आणि प्रत्येक जोडी सुतळीसारखी पिळलेली. हा पीळ कशासाठी? जवळून जाणाऱ्या विजेच्या तारा, पंख्यांच्या मोटारी यांचा उपद्रव संदेशाला होत असतो. दोन तारा एकमेकींभोवती पिळल्या म्हणजे तो उपद्रव दोघींवर जवळजवळ सारखाच होतो. पलीकडचे यंत्र दोघींमधला फरक तेवढाच वाचते. सारखे असलेले वजा होऊन जाते. ही युक्ती टेलिफोनसाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी काढली व १८८१ साली तिचे पेटंट घेतले. आजचा संगणकही त्याच पिळावर चालतो. चारही जोड्यांचा पीळ मुद्दाम कमीजास्त ठेवलेला असतो, म्हणजे एका जोडीचे बोलणे दुसरीला ऐकू जात नाही. म्हणूनच जोडणी करताना कारागिराने टोकाशी पीळ १३ मिलिमीटरपेक्षा अधिक उलगडू नये, असा दंडक आहे.

कोणी विचारतील, "आता वाय-फाय आले, तार हवी कशाला?" मित्रहो, छताला लावलेली वाय-फायची पेटीसुद्धा या केबलच्याच टोकाला असते. केबल कच्ची, तर वाय-फायही कच्चे.

आता निवडीकडे वळू. एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी. स्विच हे यंत्र काही वर्षांनी बदलता येते. भिंतीतली केबल बदलायची म्हणजे भिंत फोडावी लागते. तेव्हा काटकसर करायचीच असेल तर यंत्रात करावी, केबलमध्ये करू नये.

केबलच्या प्रती ठरलेल्या आहेत. सेकंदाला एक गिगाबिट वेगाचे मानक १९९९ साली आले. त्याला कॅट-५ई पुरते. नव्या कामात मात्र कॅट-६ घालावी. २०१६ च्या मानकानुसार तिच्यावर पाच गिगाबिटपर्यंत वेग पूर्ण अंतराला मिळतो. दहा गिगाबिट पूर्ण १०० मीटरपर्यंत हवे असतील तर कॅट-६ए लागते. ती जाड व महाग असते. वर्गखोल्या, कार्यालय आणि संगणक-कक्ष यांना कॅट-६ पुष्कळ झाली.

परंतु वेष्टनावर 'कॅट-६' छापलेले असणे पुरेसे नाही. बाजारात ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल मिळते. ती स्वस्त असते आणि दिसायला अगदी तशीच. मानकाला मात्र शुद्ध तांबेच लागते. मुलाम्याच्या तारेचा विद्युतरोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, आणि वाकवता वाकवता ती तुटते. आज कॅमेरे व वाय-फायच्या पेट्या याच केबलमधून वीज घेतात. रोध वाढला की केबल तापते, आणि टोकाशी वीज अपुरी पडते. परीक्षा अगदी सोपी आहे. एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आत चंदेरी रंग दिसला तर माल परत करा. ३०५ मीटरची पेटी उचलताना हलकी वाटली, तरी शंका घ्या. दरपत्रकात 'शुद्ध तांबे' हे शब्द लिहूनच मागावेत.

दुसरा प्रश्न अंतराचा. भिंतीतली केबल ९० मीटरपर्यंत आणि दोन्ही टोकांच्या सुट्या तारा मिळून १० मीटर, अशी एकूण १०० मीटरची मर्यादा आहे. हे अंतर सरळ रेषेत मोजू नये. जिना, छत व वळणे धरून मोजावे.

समजा, ग्रंथालयाची इमारत मुख्य इमारतीपासून ६० मीटरवर आहे. मर्यादेत बसते म्हणून तांब्याची केबल गच्चीवरून ओढावी काय? मुळीच नाही. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असतो, आणि वळवाच्या पावसात जवळपास वीज कडाडली तरी तांब्याच्या तारेतून दाब आत शिरून दोन्हीकडची यंत्रे जळू शकतात. इमारत ते इमारत ऑप्टिकल फायबरच घालावे. ती काच आहे. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. पिळाच्या तारेचे काम इमारतीच्या आत.

तिसरा प्रश्न स्विचचा. जागा मोजून त्यावर काही पोर्ट शिल्लक राहतील असा घ्यावा. केबलमधून वीज पुरवायची असेल तर पोर्ट मोजून भागत नाही, एकूण वॅट पाहावे लागतात. २००३ च्या मानकाप्रमाणे एका पोर्टला १५.४ वॅट धरले, तर २४ पोर्टना सुमारे ३७० वॅट हवेत. यंत्राची एकूण ताकद १९० वॅटच असेल तर पूर्ण भाराचे १२ पोर्टच चालतील. विद्यार्थी मित्रांनो, हा गुणाकार तुम्हीही करू शकता! शिवाय एकाच स्विचवर निरनिराळी जाळी आखता येतील असा प्रकार निवडावा. मुलांचा संगणक-कक्ष आणि फीचे हिशेब यांचा रस्ता एक असू नये.

शेवटी, काम ताब्यात घेताना. छोट्या तपासणी-यंत्राचे आठ दिवे लागले, एवढ्यावर बिल मंजूर करू नये. त्यातून तारा जोडल्या गेल्या इतकेच कळते. संदेश किती क्षीण होतो व एका जोडीतला दुसरीत किती मिसळतो, हे मोजणाऱ्या यंत्राचा प्रत्येक केबलमागे छापील अहवाल मागावा. दोन्ही टोकांना क्रमांक लावून घ्यावेत, आणि नकाशाची एक प्रत कार्यालयात ठेवावी. उद्या काम करणारा माणूस बदलला तरी शाळा अडणार नाही.

पालकहो, परगावी जाऊन परीक्षा देणे ज्या मुलींना कठीण जाते, त्यांच्यासाठी शाळेतला संगणक-कक्ष हीच जगाकडे उघडणारी खिडकी असते. ऑनलाइन अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी जाळे बंद पडले, तर केबलमध्ये वाचवलेल्या पैशाची किंमत त्या मुलीला मोजावी लागते. म्हणून समितीत बसाल तेव्हा संकोच करू नका. तांबे शुद्ध आहे का? अंतर मोजले का? इमारतींमध्ये फायबर आहे का? अहवाल कुठे आहे? हे चार प्रश्न विचारायला पदवी लागत नाही.