नोटीस बोर्डावरचं इंग्रजी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांचा आढावा सेक्रेटरींनी घेतलाच आहे. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, म्हणून मला 'इंग्रजी शब्दांच्या गमतीजमती' हा विषय दिलाय. मी लांब कुठे जाणार नाही, आपल्या नोटीस बोर्डापर्यंतच जातो.

आधी 'सोसायटी'च घ्या. लॅटिनमध्ये 'सोशियस' म्हणजे सोबती. सोबत्यांची ती सोसायटी. 'कंपनी' त्याहून गोड आहे. 'कॉम' म्हणजे एकत्र आणि 'पॅनिस' म्हणजे पाव. एका पंगतीला बसून खाणारे ते कंपनी. 'फ्लॅट'चा मात्र सपाटपणाशी थेट संबंध नाही बरं का! स्कॉटलंडमध्ये 'फ्लेट' असा जुना शब्द होता, अर्थ घराची जमीन, मजला. उच्चार जवळचा, म्हणून लोकांनी त्याचा 'फ्लॅट' केला. आणि 'पार्क' म्हणजे मुळात शिकारीसाठी कुंपण घातलेलं रान. पुढे सैन्याच्या तोफा आणि गाडे जिथे ओळीनं उभे करत, त्या जागेलाही 'पार्क' म्हणू लागले. पार्किंगचं आणि लढाईचं नातं असं जुनं आहे. आपल्या बी विंगनं ते फक्त जपलंय.

आता घरात या. 'हजबंड' हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला. 'हूस' म्हणजे घर, 'बोंडी' म्हणजे त्यात राहणारा, घरधनी. हुबेहूब आपला 'गृहस्थ'! पण 'हाउसवाइफ'चं काय झालं बघा. बोलता बोलता ती झिजून 'हसी' झाली आणि 'हसी'चा अर्थ झाला उठवळ बाई. गृहस्थ प्रतिष्ठित राहिला, गृहिणीची शिवी झाली. इंग्रजांना हसण्याआधी आपल्याकडे 'बाई' या शब्दाचे काय काय अर्थ केलेत, तेही आठवा.

कोणी आपल्या इमारतीला 'पॉश' म्हटलं की आपण सुखावतो. या शब्दाची एक कथा मोबाइलवर दर दोन महिन्यांनी येते. इंग्लंडहून हिंदुस्थानात येताना बोटीच्या डाव्या बाजूला आणि परत जाताना उजव्या बाजूला ऊन कमी, म्हणून श्रीमंतांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'ची आद्याक्षरं मारत, आणि तेच 'पॉश'. कथा झकास आहे, पण तसं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या बोलीत 'पॉश' म्हणजे चिल्लर नाणं होतं. तेव्हा अशा कथा पुढे पाठवण्याआधी जरा थांबत चला.

'कोरम' हा शब्द आपल्याला वार्षिक सभेत भेटतो. लॅटिनमधला अर्थ 'ज्यांच्यापैकी'. इंग्लंडमध्ये न्यायाधीशांच्या नेमणुकीच्या पत्रात काही जणांची नावं घालून लिहीत, की ज्यांच्यापैकी तुम्ही एक असावं अशी आमची इच्छा आहे. म्हणजे ज्यांच्यावाचून काम चालत नाही, ते कोरम. आपल्याकडे दोन तृतीयांश किंवा वीस, जी संख्या कमी असेल तेवढे सभासद लागतात. तेवढेही जमत नाहीत, सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग आहेत तेवढ्यांत चालते. आपल्यावाचून सगळं चालतं, हे आपणच सिद्ध करत असतो!

'सिंकिंग फंड' म्हटलं की काहींना वाटतं, बुडणारे पैसे. इथे बुडवायचं असतं ते कर्ज. १७१७ साली इंग्लंडमध्ये सरकारी कर्ज फेडून खाली आणायला वॉलपोलच्या योजनेतून असा फंड निघाला. पुढे वॉलपोलनंच त्यातले पैसे दुसऱ्या खर्चांकडे वळवले. आपल्याकडे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के इतकी ही रक्कम जमा होते, ती इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी आणि पुनर्बांधणीसाठी. लिफ्टमधल्या आरशासाठी नव्हे. कार्यकारिणीनं रागावू नये.

आता ज्या शब्दासाठी मी खरं तर उभा राहिलो, तो 'नॉमिनी'. लॅटिन 'नोमेन' म्हणजे नाव. नॉमिनी म्हणजे ज्याचं नाव सुचवलंय तो. बस, एवढंच. आपण मात्र मराठीत सर्रास म्हणतो, 'वारस लावला'. इथेच घोळ होतो. नॉमिनी वारस असू शकतो, पण नॉमिनी आहे म्हणून तो वारस होत नाही. विम्याच्या पैशांबाबत सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये, म्हणजे २०१५ च्या दुरुस्तीपूर्वीच्या कायद्यानुसार, सांगितलं होतं की नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा हात आहे, पैसे वारसांचे. आपल्या सहकार कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार सभासद वारल्यावर नॉमिनीला 'प्रोव्हिजनल मेंबर' करतात, म्हणजे तात्पुरता सभासद. खरे हक्कदार ठरून सभासद होईपर्यंतच.

माझ्या ओळखीतल्या एका घरी वडिलांनी जवळ राहणाऱ्या धाकट्याचं नाव फॉर्मवर घातलं. कारण काय, तर सही करायला तोच हाताशी होता. वडील गेल्यावर धाकटा म्हणाला, घर माझं, वडिलांनीच नाव लावलंय. बहीण म्हणाली, बाबांनी मला मुलगीच मानलं नाही. दोघंही एकाच शब्दाचा चुकीचा अर्थ धरून भांडत होते. वकिलानं अर्थ सांगितला, तोवर राखी बंद होऊन चार वर्षं झाली होती. ती अजून सुरू झालेली नाही.

म्हणून उद्या कपाटातलं शेअर सर्टिफिकेट काढाल, तेव्हा नॉमिनी म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा आणि ते का घातलंय, हे सगळ्या मुलांना एकत्र बसवून सांगा. घर कोणाला द्यायचं हे तुम्ही ठरवलं असेल, तर ते नॉमिनेशनच्या फॉर्मवर लिहून होत नाही, मृत्युपत्र करावं लागतं. ते साध्या कागदावरही होतं, नोंदणीची सक्ती नाही. तुमची सही हवी आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. साक्षीदार समोरच्या दारातच राहतात.