सेश्शू भिक्खूंचा डोंगर
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही एका चित्राविषयी बोलणार आहोत. चित्र जपानचे आहे, सन १४९५ चे. काढणारे सेश्शू नावाचे बौद्ध भिक्खू. या नावाचा अर्थ हिमनौका, म्हणजे बर्फाची होडी. ते झेन परंपरेतले. आपल्या 'ध्यान' शब्दाचे चीनमध्ये 'चान' झाले आणि जपानमध्ये 'झेन'. तेव्हा हा माणूस आपल्याला अगदीच परका नाही.

त्यांचा जन्म १४२० चा. लहानपणीच विहारात दाखल झाले. तिथे अभ्यास सोडून चित्रेच काढतो म्हणून गुरूने त्यांना खांबाला बांधले, आणि त्यांनी पायाच्या अंगठ्याने आसवांत उंदीर काढला तो खरा वाटला, अशी एक गोष्ट सांगतात. ती त्यांच्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी लिहिली गेली. मुलांना जरूर सांगावी, पण गोष्ट म्हणूनच सांगावी.

पुढे क्योटो शहरातल्या शोकोकुजी या मोठ्या विहारात ते राहिले. तिथे शूबुन नावाचे चित्रकार भिक्खू होते. त्यांच्या हाताखाली सेश्शू शिकले. पण डोंगर-पाण्याची शाईची चित्रे हे मूळ चीनचे शास्त्र. तेव्हा खरा गुरू चीनमध्येच भेटेल, असे त्यांना वाटले असणार. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, १४६७ साली, ते जहाजाने चीनला गेले. त्याच वर्षी क्योटोत सरदारांचे युद्ध पेटले. ते दहा वर्षे चालले. शोकोकुजी विहार जळाला. १४६९ ला सेश्शू परतले, पण क्योटोत पुन्हा कायमचे राहिले नाहीत. देशाच्या पश्चिम भागातच त्यांनी उरलेले आयुष्य काढले.

आता चित्राकडे येऊ. सोएन नावाचा त्यांचा एक शिष्य होता, तोही भिक्खू. बरीच वर्षे शिकून तो कामाकुरा इथल्या आपल्या विहारात परत निघाला. जाताना म्हणाला, तुमच्याजवळ शिकलो याची खूण म्हणून एक चित्र द्या. आजच्या भाषेत सर्टिफिकेटच म्हणा की! सेश्शूंनी तेव्हा आपले वय ७६ लिहिले आहे. डोळे अधू झाले होते, मन थकले होते, हेही त्यांनी स्वतःच त्या चित्रावर लिहून ठेवले. तरी शिष्याची तळमळ पाहून त्यांनी कुंचला उचलला.

कागद उभा, लांब, रुंदीला जेमतेम एक फूट. चित्र फक्त खालच्या भागात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल, शाई सांडली. पातळ शाईचे फटकारे, आणि ते ओले असतानाच त्यांवर दाट काळी शाई. रेघ अशी फारशी नाहीच. या कामात खोडायची सोय नसते. हात गेला तो गेला. पण थोडे थांबून बघितले की धुक्यातून डोंगराचे सुळके वर येतात. पुढचा खडक दिसतो, त्यावरची झाडे दिसतात. पायथ्याशी एका घराचे छप्पर, दुकानाची निशाणी, आणि पाण्यात एक होडी, त्यात दोन माणसे. बाकी सगळा कोरा कागद, आणि तेच धुके.

आम्हाला चित्राइतकाच त्याच्या वरचा मजकूर मोलाचा वाटतो. त्यात सेश्शू सांगतात की आपण चीनला गुरू शोधायला गेलो, पण तिथे नामवंत थोडेच भेटले. ज्या दोघांकडून रंग आणि शाईचे तंत्र शिकले, त्यांची नावे ते प्रामाणिकपणे देतात. आणि मग लिहितात की इतके फिरून आल्यावर आपल्याच देशातले जोसेत्सू आणि शूबुन किती थोर होते ते कळले.

हे वाचताना आम्हाला बाबासाहेबांची आठवण झाली. अमेरिकेत ड्युई, सेलिग्मन अशा प्राध्यापकांजवळ ते शिकले, त्यांचे ऋण कधी नाकारले नाही. पण आपले तीन गुरू म्हणून नावे घेतली ती बुद्ध, कबीर आणि फुले यांची.

शिष्याला दाखला देताना सेश्शूंना त्याची भरभरून तारीफ करता आली असती. तसे न करता त्यांनी त्याच्या हाती आपल्या गुरूंची नावे दिली. सोएनने ते चित्र क्योटोला नेले. तिथल्या सहा झेन भिक्खूंनी वरच्या कोऱ्या जागेत आपापली कविता लिहिली. ज्या शहरात सेश्शू घडले आणि जे पुढे जळाले, तिथल्याच भिक्खूंचे हस्ताक्षर त्यांच्या डोंगरावर आले.

मूळ चित्र टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. जुना कागद उजेडाने खराब होतो, म्हणून ते बारमाही टांगलेले नसते. आम्ही त्याची छापील प्रत आणली आहे, ती ग्रंथालयाच्या टेबलावर ठेवतो. मुलांनी आधी होडी शोधावी. ती सापडायला जरा वेळ लागतो.