कंपनी इथली, कागद तिथले



अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या अलेक्झांड्रियामध्ये हदीद नावाचा गालिचे धुऊन देणारा व्यवसाय आहे. येल्प या संकेतस्थळावर काही जणांनी टोपणनावांनी त्याच्याविरुद्ध लिहिलं. त्यांपैकी सात जण आपले ग्राहकच नसावेत, असा हदीदचा संशय होता. 2012 साली त्याने बदनामीचा दावा लावला. पण प्रतिवादींची नावं येल्पच्या दप्तरात, आणि येल्प कंपनी तर दाव्यात पक्षकारही नाही. तिची नोंदणी डेलावेअरची, मुख्य कचेरी सॅन फ्रान्सिस्कोची, कागदपत्रंही तिकडेच. व्हर्जिनियात तिचा होता फक्त कोर्टाचे कागद स्वीकारणारा एक नोंदणीकृत प्रतिनिधी. हदीदने कागदपत्रांचं समन्स त्याच्या हाती ठेवलं.

येल्पने नावं दिली नाहीत. खालच्या कोर्टाने अवमानाबद्दल दंड केला, अपील कोर्टाने 2014 साली तो कायम केला. एप्रिल 2015 मध्ये व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र सगळं रद्द केलं. प्रतिनिधीला समन्स पोचलं म्हणून परराज्यातल्या, दाव्यात पक्षकार नसलेल्या कंपनीचे परराज्यातले कागद मागवण्याचा अधिकार आमच्या कोर्टांना मिळत नाही, असं ते म्हणालं.

हा निकाल ऐकून पुष्कळांना चीड येते. धंदा करायला कंपनी सगळीकडे हजर आणि जाब द्यायची वेळ आली की परगावी! ही चीड मी समजू शकतो. डेलावेअरमधल्या विल्मिंग्टन शहरात नॉर्थ ऑरेंज स्ट्रीटवर 1209 क्रमांकाची एक बैठी इमारत आहे. दोन लाखांहून जास्त कंपन्यांचा कायदेशीर पत्ता तो. तिथे त्यांचा ना कारखाना, ना दप्तर. कोर्टाचे कागद स्वीकारून पुढे धाडायचे, एवढंच तिथलं काम.

तरीही मला तो निकाल योग्य वाटतो. आरोपाला उत्तर द्यायला बोलावलेला प्रतिवादी वेगळा आणि दुसऱ्यांच्या भांडणात कागद घेऊन ये म्हणून बोलावलेला साक्षीदार वेगळा. पहिल्याच्या बाबतीत राज्यं बरीच लांब जाऊ शकतात. पेनसिल्व्हेनियात धंद्यासाठी नोंदणी केलीत म्हणजे इथे दावा चालवायला तुम्ही संमती दिलीत, हा त्या राज्याचा नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली, मॅलरी खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी ग्राह्य धरला. पण साक्षीदाराने कुणाचं काही बिघडवलेलं नसतं. त्याला हुकूम करायचा तर तो त्याच्या भागातल्या कोर्टाने करावा. संघीय कोर्टाचं समन्स देशात कुठेही बजावता येतं, पण तिथेही संघीय दिवाणी प्रक्रियेच्या 45व्या नियमाने साक्षीदाराला साधारण 100 मैलांहून लांब न बोलावण्याचं संरक्षण दिलेलं आहे.

खरा अन्याय होता तो वाटेतल्या खर्चाचा. आपली दिवाणी प्रक्रिया संहिता देशभर जवळजवळ एकच. पुण्याच्या कोर्टाला बंगळुरूत समन्स बजावायचं तर कलम 28 खाली ते तिथल्या कोर्टाकडे पाठवता येतं. अमेरिकेत प्रत्येक राज्याची प्रक्रिया निराळी. पूर्वी आपल्या कोर्टाकडून विनंतीपत्र मिळवायचं, दुसऱ्या राज्यात वकील द्यायचा, नवा अर्ज गुदरायचा आणि न्यायाधीशाची वाट पाहायची. छोट्या दुकानदाराने हे कुठून करावं? मोठ्या कंपनीला नुसतं गप्प बसून जिंकता येत असे.

2007 साली राज्यांसाठी समान कायद्यांचे मसुदे करणाऱ्या आयोगाने यावर तोड काढली आणि बहुतेक राज्यांनी ती उचलली. कॅलिफोर्नियात हा कायदा 2010 पासून आहे. आता आपल्या कोर्टाचं समन्स घेऊन, कागद जिथून मिळवायचे त्या काउंटीच्या कोर्टातल्या क्लार्ककडे अर्ज आणि फी द्यायची. क्लार्क त्याच मजकुराचं स्थानिक समन्स काढून देतो. न्यायाधीशापुढे जावं लागत नाही, आणि नुसता हा अर्ज केला म्हणजे तिथल्या कोर्टात हजेरी लावली असंही धरलं जात नाही. बजावणी मात्र स्थानिक नियमांनीच करायची. कॅलिफोर्नियातलं समन्स तिथल्या प्रतिनिधीला देता येतं, तेव्हा बजावणी अडत नाही. तंटा उद्भवला तर तोही तिथलंच कोर्ट ऐकतं.

ही शेवटची तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते, कारण या सगळ्या गदारोळात एक तिसरा माणूस आहे: टोपणनावाने लिहिणारा. कदाचित त्याचा गालिचा खरोखरच खराब झाला असेल. व्हर्जिनियाच्या कायद्यात, आपली बदनामी झाली असं वादीला प्रामाणिकपणे आणि सकारण वाटत असेल, तर त्यावर नाव उघड होऊ शकतं. कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने मात्र 2008 साली क्रिन्स्की खटल्यात जास्त मागितलं: नाव हवं असेल तर बदनामीचा सकृद्दर्शनी पुरावा आधी पुढे ठेवा. अलेक्झांड्रियाचं समन्स सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लार्ककडून गेलं असतं, तर येल्पला किंवा त्या सात जणांना हा आक्षेप तिथल्या न्यायाधीशापुढे मांडता आला असता, आणि हदीदला आपल्या ग्राहकांच्या नोंदवह्या तिथे उघडाव्या लागल्या असत्या.