सुटलेला पत्रा धरू नये



वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीचे नाव हातउद्योगाशी जोडलेले आहे. विनोबा येथे राहिले; १९३४ साली ग्रामसेवा मंडळ निघाले; मेलेल्या जनावरांचे कातडे कमावणारे चर्मालय चालले. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत उद्योगातून शिक्षण देण्याचा विचार पुढे आला. ज्या हातांवर एवढी भिस्त ठेवली, ते हात शाबूत कसे राखावेत, हे आज पत्र्याच्या कामापुरते पाहू.

धान्याची कोठी, पन्हळ, छप्पर, सगळ्यांना पत्रा लागतो. तो दिसतो पातळ. पण आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि एक मिलिमीटर जाड असा लोखंडी पत्रा सुमारे २३ किलो भरतो. त्यात कातरलेल्या कडेला सुरीची धार. असा पत्रा हातातून निसटला की माणूस सहज तो धरू पाहतो, आणि घात होतो. बोट वाकवणारा आतला दोरच तुटला, तर जखम भरते, पण बोट वाकत नाही. म्हणून पहिला नियम हा: सुटलेला पत्रा धरू नये. मागे सरावे, पडू द्यावा. पोचा ठोकून काढता येतो.

पण पत्रा सुटूच नये, ही खरी युक्ती. भिंतीला नुसता टेकवून ठेवू नका. लाकडी पट्ट्यांवर आडवा रचा. मोठे खाली, लहान वर. उभाच ठेवायचा तर खाचा असलेल्या चौकटीत ठेवून साखळीने बांधा. वाटेकडच्या कडेवर चिरलेला बांबू किंवा जुनी रबरी नळी बसवा. कातरताच कडेवर कानस फिरवा. कातरण जमिनीवर न टाकता पिंपात टाका.

मोठा पत्रा दोघांनी उचलावा; इशारा एकानेच द्यावा. हातात चामड्याचे मोजे, पायात बंद जोडे असावेत. हात कडेवरून ओढत नेऊ नये. मात्र फिरत्या ड्रिलपाशी मोजे काढावेत, नाहीतर यंत्र मोज्यासकट हात ओढून घेते. वावटळीच्या दिवशी पत्रा छपरावर चढवू नये.

एवढे करूनही कापलेच, तर स्वच्छ फडके घट्ट दाबून हात वर धरावा. रक्त थांबल्यावर जखम साबण-पाण्याने धुवावी. हळद, चुना, तंबाखू काही भरू नये. रक्त थांबेना, बोट बधिर झाले किंवा वाकेना, तर तडक इस्पितळ गाठावे. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात; तेव्हा पत्रा गंजलेला नव्हता म्हणून लस टाळू नये.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना आधी पुठ्ठा कापू द्या. पत्रा हाती देताना मात्र कातरीआधी कानस शिकवा. कड मोडल्याशिवाय काम पुरे झाले असे मानू नका. ही सवय शाळेत लागली, तर पुढे ती कारखान्यातही त्यांच्याबरोबर जाईल.