ट्रॅक्टर घेताना विक्रेत्याशी व्यवहार कसा करावा



आज पिकाबद्दल किंवा खताबद्दल बोलायचं नाही. आज बोलायचं आहे ट्रॅक्टरच्या खरेदीबद्दल. कोणत्या कंपनीचा ट्रॅक्टर चांगला, हे मी सांगणार नाही. ती निवड तुमची. पण एजन्सीच्या दुकानात पाऊल टाकल्यापासून गाडी दारात येईपर्यंत व्यवहार कसा करावा, कुठे थांबावं आणि काय लिहून घ्यावं, एवढं आज आपण पाहू.

आपण बैल घ्यायला बाजारात जातो तेव्हा काय करतो? दात पाहतो. खूर पाहतो. चालवून पाहतो. जमलं तर औताला जुंपून पाहतो. बरोबर एखादा जाणकार नेतो आणि मगच इसार देतो. मग त्याच्या कितीतरी पट किमतीचा ट्रॅक्टर आपण तासाभरात, चहा पिता पिता, का घेऊन टाकतो? ट्रॅक्टरच्या कर्जाला पुष्कळदा जमीन तारण असते. सातबाऱ्यावर बोजा चढतो. हप्ते थकले तर ट्रॅक्टर तर जातोच, पण पुढची झळ जमिनीला लागते. म्हणून बैलाच्या वेळी दाखवतो तेवढी तरी सावधगिरी इथे हवी.

पहिला हिशोब घरी

दुकानात जाण्याआधी घरात बसून हिशोब करा. आपली जमीन किती, वर्षात ट्रॅक्टर किती तास चालेल, बाहेरचं भाड्याचं काम नक्की किती मिळेल, हे कागदावर मांडा. धरून चाला की हप्ता वर्षाला १ लाख ६० हजार रुपये आहे. ट्रॅक्टर वर्षात ५०० तास चालला, तर तासाला ३२० रुपये हप्त्याचे झाले. तोच ट्रॅक्टर २०० तासच चालला, तर तासाला ८०० रुपये झाले. यात डिझेल, ड्रायव्हर, दुरुस्ती आणि विमा धरलेला नाही. आता गावातलं भाडं तासाला किती आहे ते आठवा. हिशोब जुळत नसेल तर भाड्याने काम करून घेणं बरं. त्यात कमीपणा कसला?

ताकदीचाही विचार घरीच करावा. इंजिनाची अश्वशक्ती वेगळी आणि पी.टी.ओ.ची, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्याची अश्वशक्ती वेगळी. पी.टी.ओ.ची नेहमी कमी असते, आणि रोटाव्हेटर चालतो तो तिच्यावर. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. तिथे ट्रॅक्टरांची चाचणी होते आणि त्याचा अहवाल निघतो. विक्रेत्याला विचारा, "या मॉडेलचा चाचणी अहवाल दाखवा आणि पी.टी.ओ.ची ताकद किती ते सांगा." या एका प्रश्नाने समोरच्यालाही कळतं की गिऱ्हाईक माहितगार आहे.

अनुदान हवं असेल तर आणखी एक गोष्ट. महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा, निवड होऊन पूर्वसंमती हातात यायची, आणि मगच खरेदी करायची, असा क्रम आहे. "आधी गाडी न्या, अनुदानाचं नंतर आम्ही पाहतो" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. पूर्वसंमतीच्या आधी घेतलेल्या यंत्राला अनुदान मिळत नाही.

विक्रेत्याची बाजूही ओळखा

विक्रेता आपला वैरी नव्हे, बरं का. दुकानातल्या पोराला महिन्याला इतक्या गाड्या विकायच्या असा आकडा दिलेला असतो. तो आकडा पुरा झाला तर त्याला चार पैसे जास्त मिळतात. म्हणून महिनाअखेर आणि वर्षअखेर तो सवलतीला जास्त तयार असतो. विक्रेत्याला नफा गाडीवर तर मिळतोच, पण कर्ज जुळवून देणं, विमा काढून देणं, औजारं विकणं यावरही मिळतो. म्हणून किमतीत पाच हजार सोडून तो विम्यात किंवा जोडसामानात ते भरून काढू शकतो. याचा राग धरू नये, तो त्याचा धंदा आहे. पण आपण एकेका आकड्याकडे न पाहता एकूण बेरजेकडे पाहावं.

आणखी एक ध्यानात ठेवा. याच विक्रेत्याकडे पुढची दहा वर्षं सर्व्हिसिंगला आणि सुट्या भागांना जायचं आहे. तेव्हा घासाघीस करा, पण भांडण नको. दोन हजारांनी स्वस्त देणारा दूरचा विक्रेता आणि पेरणीच्या दिवशी मिस्त्री पाठवणारा तालुक्याचा विक्रेता, यांत दुसरा परवडतो. त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांना विचारा : मिस्त्री वेळेवर येतो का? फिल्टर, क्लच प्लेट दुकानात मिळते का? ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे कडक नियम लागू झाले. त्यांच्या इंजिनात इलेक्ट्रॉनिक भाग आले. गावच्या मिस्त्रीच्या हाताला ते काम सहसा जमत नाही. अशा गाडीला तर विक्रेत्याची सेवा पाहिल्याशिवाय हात लावू नये.

कोटेशन दोन ठिकाणचं घ्या

तोंडी भाव म्हणजे वाऱ्यावरची वरात. कमीत कमी दोन विक्रेत्यांकडून छापील, सहीशिक्क्याचं कोटेशन घ्या. त्यात या बाबी वेगवेगळ्या लिहिलेल्या हव्यात : ट्रॅक्टरची मूळ किंमत, जी.एस.टी., विमा, पासिंगचा खर्च, जोडसामान आणि सवलत. "इतर खर्च" किंवा "हाताळणी" असा मोघम आकडा दिसला तर विचारा, हा कशाचा? कोणत्या नियमाने? पावती मिळेल का? पावती नसलेला पैसा देऊ नका.

जी.एस.टी. नीट पाहा. शेतीच्या ट्रॅक्टरवरचा हा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. मूळ किंमत ६ लाख रुपये धरली तर आधी कर ७२ हजार होता, तो ३० हजार झाला. म्हणजे ४२ हजारांचा फरक पडला. हा फरक तुमच्या बिलात उतरला आहे ना, हे तपासून घ्या.

विमा विक्रेत्याकडूनच घेतला पाहिजे अशी सक्ती नाही. बाहेरून विम्याचा दर आणा आणि तुलना करा. फक्त विमा शेतीकामाचा आहे की भाड्याच्या वाहतुकीचा, हे पॉलिसीत वाचा. पॉलिसी शेतीकामाची आणि ट्रॉलीत वऱ्हाड बसवलं, अशा वेळी अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

कर्जाचा खरा दर विचारा

इथेच आपला शेतकरी जास्त फसतो. दुकानात सांगतात, "दर बारा टक्केच आहे." पण कोणत्या पद्धतीचा बारा? समजा ५ लाख रुपये कर्ज ५ वर्षांसाठी घेतलं आणि वर्षाला एक हप्ता ठरला. सरसकट पद्धत असेल तर दरवर्षी पूर्ण ५ लाखांवर व्याज, म्हणजे ६० हजार. पाच वर्षांचं व्याज झालं ३ लाख. घटत्या बाकीवर असेल तर दरवर्षी १ लाख मुद्दल फिटत जाते आणि व्याज उरलेल्या रकमेवर लागतं : ६०, ४८, ३६, २४ आणि १२ हजार. बेरीज १ लाख ८० हजार. दोन्ही ठिकाणी शब्द एकच, "बारा टक्के", पण फरक १ लाख २० हजारांचा! एवढ्या पैशात एखादा रोटाव्हेटर येतो.

म्हणून तीन गोष्टी लिहून मागा : एकूण किती रुपये फेडायचे, हप्ता किती आणि कोणत्या महिन्यात, आणि प्रक्रिया शुल्क व दंड किती. किरकोळ कर्जांसाठी सगळा खर्च एका कागदावर मांडून देण्याचा दंडक रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून घातला आहे. तुमच्या कर्जासाठीही असा तक्ता मागून घ्या. हप्ता दरमहा नको. आपला पैसा सुगीला येतो, तेव्हा सहामाही किंवा वार्षिक हप्ता मागा. दुकानात बसलेल्या वित्त कंपनीच्या माणसाशी बोलण्याआधी आपल्या बँकेत चौकशी करून या.

आणि कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या फॉर्मवर सही किंवा अंगठा मुळीच देऊ नका. "साहेब नंतर भरतील" म्हटलं तर म्हणावं, "मग सहीही नंतरच करतो."

जुना ट्रॅक्टर बदलीत देताना

जुना ट्रॅक्टर देऊन नवा घेत असाल तर दोन सौदे वेगळे करा. आधी नव्याची किंमत पक्की करा, मग जुन्याची काढा. दोन्ही एकत्र केले की जुन्याला जास्त भाव दिल्यासारखं दिसतं आणि नव्यावरची सवलत गायब होते. जुन्याचा भाव बाहेरही काढून पाहा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे जुन्या ट्रॅक्टरची नावबदली. फॉर्म २९ आणि ३० भरून परिवहन कार्यालयात नाव बदललं गेलं, याचा पुरावा हाती घ्या. नोंद तुमच्या नावावर राहिली आणि पुढच्या माणसाकडून अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. ज्याचं नाव नोंदीत तोच मालक, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे.

ताबा घेताना

दसरा किंवा पाडव्याला गाडी घरी आणायची आपली रीत आहे. पूजा मुहूर्तावर जरूर करा. पण व्यवहार पंधरा दिवस आधी पुरा करा. मुहूर्ताच्या दिवशी दुकानात जत्रा असते आणि घाईत काही तपासून होत नाही.

ताबा दिवसाउजेडी घ्या. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर बिलाशी ताडून पाहा. कारखान्यातून निघाल्याचा महिना आणि साल पाहा. मागच्या सालचा माल असेल तर पुढे विकताना किंमत कमी येते, तेव्हा त्याची सवलत आजच मागा. मीटरवरचे तास पाहा. टायर, बॅटरी, तेलाची गळती, हायड्रॉलिक, ब्रेक आणि दिवे तपासा. चालवून पाहा. शेतात औजार लावून दाखवायला सांगा.

वॉरंटीचं पुस्तक वाचून घ्या किंवा मुलांकडून वाचून घ्या. ती बहुधा अमुक वर्षं किंवा अमुक तास, यांपैकी जे आधी होईल तिथपर्यंत असते. टायर आणि बॅटरीची वॉरंटी त्या त्या कंपनीची असते. मोफत सर्व्हिसिंगची कुपनं मोजून घ्या आणि प्रत्येक सर्व्हिसिंग वेळेवर करा. ती चुकली की वॉरंटी नाकारायला निमित्त मिळतं.

पासिंग आणि कागद

माझ्या फिरतीत एक शेतकरी भेटले. ट्रॅक्टर दारात उभा, पण चार महिने झाले तरी पासिंग नाही. विक्रेता म्हणे, कागद कार्यालयात आहेत. कार्यालय म्हणे, कागद आलेच नाहीत. हप्ता सुरू झाला होता आणि उसाची वाहतूक हातची गेली. त्यांच्याजवळ पावती होती ती फक्त पैशाची. पासिंग किती दिवसांत करून देणार, हे कुठेच लिहून घेतलं नव्हतं.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय वाहन रस्त्यावर चालवता येत नाही. म्हणून शेवटची रक्कम देण्याआधी हे कागद पाहा : कर बिल, फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला, फॉर्म २२ म्हणजे वाहन रस्त्यालायक असल्याचा कारखान्याचा दाखला, आणि विमा पॉलिसी. पासिंगची तारीख लिहून घ्या. ट्रॉली घेतली असेल तर तिचीही नोंदणी विचारा. कर्ज फिटलं की बँकेकडून ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन आर.सी. बुकावरचा बोजा उतरवा. सातबाऱ्यावरचा बोजाही उतरवायला विसरू नका.

तक्रार कुठे करावी

आधी विक्रेत्याला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. मग कंपनीला लिहा. तरी दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून चालवायला घेतलेल्या वाहनाचा मालक ग्राहकच ठरतो. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये आहे. पण तिथे तुमच्या बाजूने बोलतो तो कागदच.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. हिशोब आणि अश्वशक्ती घरी ठरवा, दुकानात नव्हे.
२. दोन विक्रेत्यांची लेखी कोटेशनं घ्या आणि एकूण बेरीज पाहा.
३. व्याज सरसकट की घटत्या बाकीवर, ते विचारा.
४. कोऱ्या कागदावर सही नको आणि पावतीशिवाय पैसा नको.
५. जुन्या ट्रॅक्टरची नावबदली स्वतः तपासा.
६. ताबा घेण्याआधी नंबर, साल, तास आणि कागद ताडून पाहा.

मंडळी, पैसा आपल्या खिशात असतो तोवर विक्रेता आपलं ऐकतो. पैसा त्याच्या गल्ल्यात गेला की आपल्याला त्याचं ऐकावं लागतं. म्हणून जे विचारायचं आणि जे लिहून घ्यायचं, ते इसार देण्याच्या आधी. शंका असेल तर कोटेशन घेऊन तालुक्याच्या कृषी कार्यालयात या. आपण बसून ते मिळून वाचू.