कोण बोललं, कुठे थांबलं?
(रेडिओवरील भाषण)

अलिबागजवळचं थळ तुम्हाला ठाऊक आहे. समोर समुद्रात खांदेरी, किनाऱ्याला कोळ्यांच्या होड्या, शेजारी खताचा कारखाना. याच गावावर अनिता देसाई यांनी १९८२ साली ‘द व्हिलेज बाय द सी’ ही इंग्रजी कादंबरी लिहिली. दुसऱ्या वर्षी तिला ब्रिटनमधलं गार्डियन पारितोषिक मिळालं. तिच्यातली हरी आणि लीला ही भावंडं खरं तर घरात मराठीच बोलायची, पण पुस्तकात ती इंग्रजी बोलतात. आपल्या किनाऱ्यावरची मुलंही आता इंग्रजीत गोष्टी लिहू लागली आहेत. वर्णन छान जमतं. पात्रांनी तोंड उघडलं की मात्र विरामचिन्हांची त्रेधा उडते.

हा दोष हुशारीचा नाही, सवयीचा आहे. आंग्र्यांच्या काळातलं एखादं मोडी पत्र पाहा. ओळ आखून तिच्याखाली सलग अक्षरं. ना स्वल्पविराम, ना अवतरणचिन्ह. तरीही कोण काय बोललं ते समजतं, कारण बोलणं सुरू झाल्याचं ‘की’ सांगतो आणि संपल्याचं ‘ऐसें’ किंवा ‘म्हणोन’ सांगतं. विरामचिन्हं मराठीत रुजवली ती मेजर थॉमस कँडी यांनी. त्यांचं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० सालचं. म्हणजे आपण जे काम शब्दांकडून करून घेत आलो, ते इंग्रजीत चिन्हांना करावं लागतं.

पहिली चूक याच सवयीतून होते. आपण सहज म्हणतो, ‘तांडेल म्हणाला की मी उद्या रेवसला जातो.’ यातला ‘मी’ म्हणजे तांडेल, हे सांगावं लागत नाही. हेच इंग्रजीत लिहिताना मुलं ‘सेड दॅट’ लिहितात आणि पुढे अवतरणचिन्हांत ‘आय’ घालतात. तिथे दोन्ही एकत्र चालत नाहीत. ‘दॅट’ वापरलात तर अवतरणचिन्हं काढा आणि ‘आय’चा ‘ही’ करा. तांडेलाचेच शब्द हवे असतील तर ‘दॅट’ काढा.

आता त्याचे शब्द कसे मांडायचे ते पाहू. “आय ॲम गोइंग टू रेवस,” सेड द तांडेल. ‘रेवस’नंतर पूर्णविराम देऊ नका, कारण वाक्य ‘तांडेल’पाशी संपतं. तिथे स्वल्पविराम येतो, आणि तो अवतरणचिन्ह मिटण्याआधी, आतल्या बाजूला. तांडेलाने प्रश्न विचारला असेल तर स्वल्पविरामाऐवजी प्रश्नचिन्ह. पण त्यापुढच्या ‘सेड’चा किंवा ‘ही’चा आरंभ लहान अक्षरानेच, प्रश्नचिन्ह दिसलं म्हणून कॅपिटल घालायचं नाही.

बोलणं मधेच तोडायचं असेल तर? “इफ द विंड ड्रॉप्स,” ही सेड, “वी विल गो.” दोन्ही तुकडे मिळून एकच वाक्य आहे, म्हणून ‘वी’ लहान अक्षराने सुरू होतो.

आणखी एक ठिकाण फसवं आहे. तांडेल बोलला आणि हसला. हसणं म्हणजे बोलणं नव्हे. म्हणून त्याचं बोलणं पूर्णविरामाने आतच संपवा आणि ‘ही लाफ्ड’ हे वेगळं वाक्य कॅपिटलने सुरू करा. स्वल्पविराम फक्त ‘सेड’, ‘आस्क्ड’, ‘शाउटेड’ अशा बोलण्याच्या क्रियापदांशी.

बोलणारा बदलला की नवा परिच्छेद. जेट्टीवर दोघं भांडत असतील, तर दर वेळी ‘हा म्हणाला, तो म्हणाला’ लिहायची गरज पडत नाही. ओळ बदलली, माणूस बदलला, हे वाचकाला कळतं. एकाचंच बोलणं दोन-तीन परिच्छेद चाललं, तर प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी अवतरणचिन्ह उघडायचं, पण मिटवायचं एकदाच, अगदी शेवटी. कुणी मधेच तोडलं तर लांब रेघ. बोलणाराच अडखळून थांबला तर तीन टिंबं.

राहिला एकेरी-दुहेरीचा वाद. ब्रिटिश पुस्तकांत बहुधा एकेरी अवतरणचिन्हं दिसतात, अमेरिकन पुस्तकांत दुहेरी. कोणतीही घ्या, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तीच ठेवा. संवादाच्या आत दुसऱ्याचे शब्द आले, तर तिथे उरलेली जोडी वापरा.

नियमांची यादी घोकण्यापेक्षा एक करा. छापील इंग्रजी कादंबरीतलं संवादाचं एक पान घ्या आणि चिन्हांसकट वहीत उतरवून काढा. मग त्याच पद्धतीने मांडवा जेट्टीवर ऐकलेलं एखादं खरं भांडण इंग्रजीत लिहा. लिहून झालं की ते अशा कुणाला तरी वाचायला द्या, जो त्या वेळी तिथे नव्हता. कोण बोललं हे त्याला एकदाही विचारावं लागलं नाही, तर तुमची चिन्हं बरोबर पडली आहेत.