शब्दांची झिजलेली टोके



आजचा विषय वाचून पुष्कळांच्या कपाळावर आठी पडली असेल. इंग्रज, जर्मन, डच, स्वीडिश यांची आदिम भाषा, जिचा एकही ग्रंथ उरलेला नाही. आणि तिच्यातले नामांचे प्रत्यय! पण ज्यांनी लहानपणी ‘रामः रामौ रामाः’ घोकले आहे, त्यांना हा प्रांत अगदीच परका नाही.

संस्कृतात लांडग्याला वृकः म्हणतात. त्यातला विसर्ग मूळचा ‘स्’. आदिजर्मानिक भाषेत ह्याच शब्दाचे रूप ‘वुल्फझ’ असे पंडित मांडतात. ‘क’चा ‘फ’ कसा झाला ही कथा निराळी. आमचे लक्ष शेवटच्या ‘अझ’कडे. त्यातला ‘अ’ प्रातिपदिकाचा. ‘स्’ मृदू होऊन झालेला ‘झ’ (हा झऱ्यातला झ) प्रथमेच्या एकवचनाचा. पुढे गॉथिकात वुल्फ्स झाले, जुन्या नॉर्समध्ये उल्फ्र, इंग्रजीत नुसते वुल्फ.

कोणी विचारील, हा ‘अझ’ पाहिला कोणी? डेन्मार्कातील गालेहूस येथे १७३४ साली एक सोन्याचे शिंग सापडले. ते इ. स. ४०० च्या सुमाराचे. त्यावरील रून लिपीतल्या लेखात कारागिराने आपले नाव कोरले आहे, ‘ह्लेवागास्तिझ होल्तियाझ’. दोन्ही पदांच्या टोकाला तो ‘झ’ शाबूत आहे. १८०२ मध्ये एका सोनाराने ते शिंग चोरून वितळवले! आधी चित्रे काढलेली होती म्हणून अक्षरे वाचली. दुसरा साक्षीदार फिनिश भाषा. ती ह्या कुळातली नव्हे, परंतु राजा ह्या अर्थी तिने उसना घेतलेला ‘कुनिंगास’ आजही तसाच आहे. धन्याने दागिना मोडला, शेजाऱ्याने मात्र जपला.

टोके झिजली, कारण आघात शब्दाच्या पहिल्या अवयवावर पक्का बसला. आपल्याकडेही देवः, देवो, ज्ञानेश्वरकालीन देवु, आणि आजचा देव, अशी उतरण आहेच. खरी गंमत झिजेनंतरची. संस्कृतात उक्षन् म्हणजे बैल. एकवचन उक्षा, अनेकवचन उक्षाणः. येथे ‘न्’ प्रातिपदिकाचा, अनेकवचनाचा प्रत्यय ‘अस्’. आदिजर्मानिकातही ‘अन्’ प्रातिपदिकाचा आणि त्यापुढे ‘इझ’ हा प्रत्यय. ‘इझ’ गळाला, ‘अन्’ उघडा पडला. आणि एकवचनी ‘ऑक्स’ शेजारी ‘ऑक्सन’ ऐकून लोक त्यालाच अनेकवचनाची खूण समजले. घरमालक गेला आणि भाडेकरूच्या नावाची पाटी लागली, तशातला प्रकार.

कोकरू ह्या अर्थाचा ‘लँब’ आपल्या मनस् शब्दाच्या वर्गातला. त्याच्या प्रातिपदिकातल्या ‘स्’चा झाला ‘झ’, ‘झ’चा झाला ‘र’, आणि तोही अनेकवचनाचा ठरला. जुन्या इंग्रजीत ‘चाइल्ड’च्या पूर्वजाने हा ‘र’ उसना घेतला. पुढे त्या ‘र’ने लोकांचे समाधान होईना, म्हणून बैलाचा ‘न’ही वर चढवला. असे झाले चिल्ड्रन: एका शब्दात अनेकवचनाच्या दोन खुणा, आणि मुळात दोन्ही अनेकवचनाच्या नव्हेत.